वसईहून डोंबिवलीला यायला दादर कशाला?

संपादक महोदय,

नवीन लोकल, एसी लोकल, पंधरा डबे याच्या बातम्या रोज येतात, त्या वाचून बरं वाटतं, पण त्या सगळ्या मुंबईकडे जाणाऱ्या लाइनच्या असतात. माझं काम मुंबईत नाहीच आहे. मी राहतो डोंबिवलीत, कोपर स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, आणि नोकरी वसई पूर्वेला वालीवच्या बाजूला. नकाशावर बघितलं तर सरळ आडवी रेघ, वर खाली काही नाही. आणि त्या रेघेवर रूळपण आहेत! दिवा–वसई लाइन, साधारण ४२ किलोमीटर, दोन ट्रॅक, वर वायर, सगळं आहे. फक्त गाडी नाही. म्हणजे आहे, मेमू (विजेवर चालणारी छोट्या पल्ल्याची पॅसेंजर) आहे, पण दिवसातून इतक्या थोड्या की पहिली चुकली तर मस्टर चुकलंच समजा.

मग माणूस काय करतो, डोंबिवलीहून गर्दीत दादर, तिथे पूल चढून वेस्टर्नला आणि तिथून परत उलटं वसई. जायचं होतं शेजारच्या गावाला आणि जाऊन आलो मुंबईत. या दादर फेरीत दोन तास कुठेच गेले नाहीत, आणि वर आपण दादरच्या गर्दीत अजून एका माणसाची भर घातली ती वेगळीच. आमच्यासारखे किती असतील ज्यांचं दादरला काहीच काम नाही पण रोज दादरला उतरतात.

दुसरा मार्ग रस्त्याचा. भिवंडीवरून अंजूरफाटा, चिंचोटी, कामण. त्या रस्त्याबद्दल तुमच्याच पेपरात इतकं छापून आलंय की मी काही लिहीत नाही, पावसाळ्यात एकदा बाइकवरून जाऊन बघा फक्त.

कोपरची गंमत सांगतो, बाहेरच्यांना माहीत नसते. खाली कल्याणची मेन लाइन आणि वर त्याला आडवी जाणारी वसईची लाइन, मध्ये जिना. इतकी चांगली अदलाबदलीची जागा दुसऱ्या कुठल्या शहरात असती तर मिरवली असती. इथे काय होतं, तर खालची लोकल येते, आपण उतरतो, धापा टाकत वर जातो आणि मेमूचा शेवटचा डबा उल्हास नदीच्या पुलाकडे निघालेला दिसतो. चार मिनिटांचा फरक, आणि पुढची गाडी थेट काही तासांनी. एकदा नाही, गेल्या पावसाळ्यात महिन्यातून चार पाच वेळा तरी झालं, शेवटी मी खालच्या लोकलचा टाइम बघणं सोडून अर्धा तास आधी येऊन वर बाकड्यावर बसायला लागलो. घरचे म्हणतात गाडी पकडायला जातोस का पेपर वाचायला.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला पाहिजे. दिवा, कोपर मध्य रेल्वेचं आणि वसई रोड पश्चिम रेल्वेचं. दोघांची टाइमटेबलं वेगळी बनतात. वसईला उतरून विरारकडे किंवा बोरिवलीकडे जाणाऱ्याला पुढची लोकल जुळते का, हे बघायचं काम नेमकं कुणाचं? दोन भावांच्या सामायिक बांधावर गवत वाढतं तसं आहे हे, दोघंही म्हणणार तो कापेल.

मालगाड्यांचं कारण दरवेळी देतात आणि ते खोटं नाहीये. जेएनपीटीचे, म्हणजे न्हावा शेवा बंदराचे, कंटेनर याच लाइनने गुजरातकडे जातात, त्यामुळे मेमू मध्येच उभी राहते आणि आपण खिडकीतून डबे मोजत बसतो. पण मालगाड्यांसाठी वेगळा कॉरिडॉर याच पट्ट्यातून नेलाय ना, दादरीपासून जेएनपीटीपर्यंत. मालगाड्या तिकडे गेल्या की इथे जी जागा मोकळी होईल ती आधी कुणाला, हे आत्ताच ठरवा. नाहीतर त्या जागेवर अजून लांब पल्ल्याच्या गाड्या बसतील आणि भिवंडीवाला परत रिक्षा स्टँडवर. भिवंडीचं तर काय बोलावं, एवढं मोठं शहर, यंत्रमाग, गोदामं, हजारोंनी कामगार, आणि त्यांच्या नशिबी लोकलचं स्टेशन नाही, हे एक भिवंडी रोड तेवढं. खारबाव, कामण रोड, जूचंद्र ही नावं तर मुंबईत अर्ध्या लोकांनी ऐकलीपण नसतील. जूचंद्रच्या रांगोळ्या बघायला दिवाळीत लांबून लोक येतात, ते सगळे नायगावला उतरून रिक्षाने, कारण गावातल्या स्टेशनवर गाडी कधी येईल याचा भरवसा नाही.

नवीन पनवेल–वसई उपनगरी कॉरिडॉरचा प्रस्ताव आहे, एमयूटीपीच्या (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प) पुढच्या टप्प्यात. होऊ दे, आनंद आहे. पण आम्ही त्याची वाट बघत बसायची का? ऐरोली–कळवा जोडमार्ग बघा, २०१६ साली मंजूर झाला म्हणून कल्याण डोंबिवलीच्या लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, २०२४ च्या जानेवारीत त्यातलं दिघा गाव स्टेशन सुरू झालं, आणि कळव्याकडचा उन्नत मार्ग पुनर्वसनात अडकलाय. तोपर्यंत नवी मुंबईला जाणारा प्रत्येक जण ठाण्याला उतरतोय आणि ठाण्याचा पूल कसा भरतो ते रोज दिसतंच. याच ठाणे–वाशी लाइनने २००४ मध्ये काय फरक पडला तो आमच्या पिढीने बघितलाय, त्याआधी ट्रेनने जायचं तर ठाण्याच्या माणसाला वाशीसाठी कुर्ला गाठावं लागायचं. म्हणजे गाडी दिली की लोक येतात. ‘प्रवासी कमी आहेत म्हणून गाड्या कमी’ हे मला पटत नाही, तीन तासांनी येणाऱ्या गाडीसाठी कोण पास काढेल?

(खोपोलीवाल्यांचं दुखणंपण असंच. १८५६ ला तिथे रेल्वे पोचली, घाटाच्याही आधी, आणि कर्जत–खोपोली अजून एकेरीच. कर्जतला जोडगाडी सुटली की बसा. पण ते त्यांनी लिहावं, मला तिथला रोजचा अनुभव नाही.)

माझं मागणं फार मोठं नाही. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ दिवा–वसई तासाला एक मेमू, घड्याळाच्या ठरावीक मिनिटाला, म्हणजे टाइमटेबल पाठ करावं लागणार नाही. कोपरला खालची लोकल आणि वरची मेमू यांच्यात जिना चढण्याइतकी दहा मिनिटं. यातला एकपण रूळ नवीन टाकायचा नाहीये, जे आहे ते वापरायचंय. आणि खालच्या प्लॅटफॉर्मवर जो इंडिकेटर आहे त्याच्यावर वरच्या मेमूची वेळ दाखवा, आली, गेली, लेट आहे, काय असेल ते. निदान गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिना चढायचा की नाही ते खालीच कळेल.

आपला,
एक रोजचा प्रवासी, कोपर (डोंबिवली)