कोयत्याच्या हिशोबात नसलेली लेकरं: मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मुख्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या कर्नाटकात गेल्या, आणि आईबाप तोडीला गेल्यावर लेकरांना गावातच ठेवणारं आमचं हंगामी वसतिगृह उघडलंच नाही. विचारलं तर "प्रस्ताव वर पाठवलाय". माझी चौथीतली भाची आता उसाच्या फडावर आहे, धाकट्याला कडेवर घेऊन.

हंगामी वसतिगृह शिक्षण खात्याचं. 2021 मध्ये 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं जाहीर केली, ती सामाजिक न्याय खात्याची. दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात, लेकरू ट्रॅक्टरमध्ये बसून निघून जातं.

मीही फडावरच्या कोपीत, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीत, वाढले. आईबाप पहाटे तीनला फडात. मी आठ वर्षांची. तीन दगडांच्या चुलीत पाचट कोंबायचं, भाकरी थापायची, मधेच साडीच्या झोळीला झोका द्यायचा. भाऊ फारच रडला की त्याला आईकडे पाजायला न्यायचं. ती मोळी बांधता बांधता खाली बसायची. बाया म्हणायच्या, "पोरगी लई शहाणी." त्या शहाणपणाची किंमत मी अजून मोजतेय. आज नोकरी आहे, घर आहे. पण तापाने फणफणले असताना नवऱ्याने चहा आणून दिला तर मला संताप येतो, मग रडू येतं. कुणी आपलं करायचं असतं हे अंगवळणीच पडलं नाही. पहिलं मूल झालं, घरात पेढे वाटले, आणि माझ्या मनात आलं: अजून एक. भावाला पैसे लागले की तो आजही आईला नाही, मला फोन करतो. नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

साहेब, मजुरीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यात लेकराचं काम कुठे धरलंय? उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, कारखान्याने शेतकऱ्याला 14 दिवसांत दिली नाही तर व्याज लागतं. पोरीचं वर्ष बुडालं तर कुणाला काय लागतं? 2016 मध्ये बालमजुरीचा कायदा बदलताना शाळा सुटल्यावर घरच्यांना मदत चालेल अशी वाट ठेवली. फडावर शाळाच नाही, तर ती सुटणार कधी? जाईल तिथल्या शाळेत लेकराला बसवून घ्यावं म्हणून दिलेलं शिक्षण हमी कार्ड कोपीत कपड्यांच्या गाठोड्यात पडून असतं. कारखान्याच्या बॉयलर पूजनाला मात्र तुम्ही सगळे पक्ष विसरून एका मांडवात असता!

यंदाचं वसतिगृह आठ दिवसांत उघडा. पुढची मंजुरी पावसाळ्यात द्या, मजुरांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटली जाते तेव्हाच. कोणतं घर निघणार हे टोळी जमवणाऱ्या मुकादमाला तेव्हा माहीत असतं, मग सरकारला का नसावं? भाचीला आणायला मी स्वतः जाते. तिची राहायची सोय तेवढी करा.

आपली,
ऊसतोड घरातली थोरली लेक, जि. बीड