यान घराण्यातला बाप

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मुलांना वळण लावायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा तुझा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. सध्या मी ज्याच्या लेखनात बुडालोय, त्या एका चिनी बापाबद्दल म्हणूनच लिहितो. त्याचं नाव यान चितुई, जन्म इ. स. 531 चा. मुलांसाठी त्याने वीस प्रकरणांत लिहून ठेवलेली ‘यान घराण्याची शिकवण’ चीनमध्ये शतकानुशतकं वाचली गेली.

नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. भावाने मायेने वाढवलं, पण धाक कुणाचा नव्हता. अंगी जडलेल्या सवयी मोडताना पुढे फार कष्ट पडले, असं तो स्वतःच सांगतो. म्हणून तो म्हणतो, मूल समोरच्याचा राग-लोभ ओळखायला लागलं की शिकवणं सुरू करावं. एका सेनापतीच्या आईची गोष्ट तो कौतुकाने सांगतो: मुलगा चाळिशी ओलांडलेला, हाताखाली तीन हजार माणसं, तरी चुकला की आईचा मार खायचा! इथे मात्र माझं त्याच्याशी जमत नाही. मारून माणूस घडतो, हे मला पटत नाही.

पण त्याने पाहिलं काय होतं, तेही बघ. 554 साली त्याच्या ल्यांग राज्याची राजधानी पडली, सम्राटाने आपला ग्रंथसंग्रह स्वतः जाळला, आणि हा कैदी झाला. पुढे बायकामुलांसह होडीतून ह्वांग हो म्हणजे पीत नदीने निसटला, तर ज्या राज्यात आसरा घेतला तेही 577 साली बुडालं. या धुमश्चक्रीत अक्षरशत्रू सरदारपुत्र शेत नांगरू लागले, घोडे राखू लागले. प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसची वचनं वाचलेले मात्र शिक्षक म्हणून तरले. अशा बापाने अभ्यासाचा एवढा धोशा का लावला असेल, ते मला समजतं.

सोळावं प्रकरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. त्यात तो बुद्धाची बाजू घेतो आणि पंचशील कन्फ्यूशियसच्या पाच सद्गुणांशी जोडतो: हिंसा न करणं म्हणजे करुणा, चोरी न करणं म्हणजे न्यायबुद्धी, व्यभिचार टाळणं म्हणजे मर्यादा, मद्य टाळणं म्हणजे विवेक, खोटं न बोलणं म्हणजे सचोटी. आपल्याकडच्या विहारांत म्हटलं जातं तेच पंचशील! केस चमकावेत म्हणून दर न्हाणीला वीस-तीस अंड्यांचा बलक नव्हे, पांढरा भाग वापरणाऱ्या एका माणसाची गोष्टही तिथे आहे. मरताना त्याच्या केसांतून हजारो पिल्लांची चिवचिव ऐकू आली म्हणे. तुझ्या धाकटीला सांगशील का ही गोष्ट? मला वाटतं सांगावी, घाबरवण्यासाठी नाही, अंड्यात जीव असतो हे तिला आपोआप जाणवावं म्हणून.

दोन्ही शिकवणी एकमेकींना भिडतात त्या शेवटच्या प्रकरणात. पितरांना ऋतूऋतूंत नैवेद्य दाखवणं हे तर कन्फ्यूशियसच्या मार्गातलं मुलाचं कर्तव्य. ते लेकरांनी आईबापांना विसरू नये म्हणून आहे, हे त्याला मान्य आहे. पण माझ्यासाठी जीव मारलात तर माझंच पाप वाढेल, असं तो मुलांना बजावतो. आठवण आलीच तर अधूनमधून शाकाहारी अन्न अर्पण करा, आणि सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला बौद्ध पद्धतीने पितरांसाठी दान करा, एवढीच अपेक्षा. पितृभक्ती टाकायला तो सांगत नाही, तिच्यातला सुरा तेवढा काढून घेतो.

त्या शेवटच्या प्रकरणाची झेरॉक्स सोबत पाठवतोय. वहिनींनाही वाचायला दे. मारण्याबद्दल माझं चुकतंय असं वाटलं तर सविस्तर लिही, मला तुझं मत हवंय.

तुझाच,
मित्र