आठ पुस्तके नेण्यापेक्षा एक कार्ड लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंक योजनेची वर्गणी भरायला वाचनालयात गर्दी होऊ लागली की देवघेवीच्या टेबलावर एक तक्रार हमखास येते : ‘नवीन पुस्तक कधी जागेवर सापडतच नाही.’ तक्रार खरी आहे. त्याचे उत्तर मात्र बऱ्याचदा सभासदांच्याच घरी, टीव्हीखालच्या कप्प्यात असते.

साधा हिशेब करू. एका वर्गणीवर दोन पुस्तके आणि पंधरा दिवसांची मुदत धरा. घरातल्या चौघांची खाती असली की एका पिशवीतून आठ पुस्तके जातात, आणि वाचणारा पुष्कळदा एकच असतो. एका पानाला दोन मिनिटे धरली आणि रोज नेमाने तासभर वाचले, तर पंधरा दिवसांत साडेचारशे पाने होतात. म्हणजे एक जाड कादंबरी, किंवा दीडशे-दोनशे पानांची दोन-तीन पुस्तके. बाकीची पाच-सहा तशीच परत येतात, तीही मुदत वाढवून. आता तीच गोष्ट पुस्तकाच्या बाजूने पाहा. एकच प्रत असलेले पुस्तक पंधरा दिवसांनी परत आले तर वर्षात चोवीस जणांना मिळते. प्रत्येकाने एकदा मुदत वाढवली की बारांना. त्यावर आणखी पंधरा दिवस राहिले की फक्त आठांना. वर्गणी सगळ्यांची सारखीच असते, आणि त्यातल्या सोळा जणांना ‘बाहेर गेले आहे’ एवढेच ऐकावे लागते.

हा हव्यास आहे असे आम्हाला वाटत नाही. माणूस चार पुस्तके उचलतो ते निवडता येत नाही म्हणून. चारांतले एखादे तरी चांगले निघेल या आशेने. निवडायला आधारच नसतो. बांधणीला जाऊन आलेल्या पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूर गेलेला असतो. कण्यावर उरतो तो दाखल अंक, म्हणजे पुस्तक वाचनालयात आले त्या क्रमाचा नोंदवहीतला आकडा. अनेक जुन्या वाचनालयांत पुस्तके त्या दाखल अंकानेच लावलेली असतात, त्यामुळे एका विषयाची दहा पुस्तके दहा कपाटांत. म्हणून सभासद कपाटांकडे न जाता नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाकडे जातो. कुणीतरी नेले होते, म्हणजे बरे असेल, एवढीच त्याची खूण. पण ते न वाचताच परत आलेले असू शकते, हे त्याला कळणार कसे? शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी पुस्तक कितीदा बाहेर गेले ते सांगते, कितीदा वाचले गेले ते नाही.

म्हणून पुस्तकांची मर्यादा दोनवरून एकवर आणून काही साधत नाही. घरात आणखी एक खाते उघडले जाते. त्यापेक्षा ज्याने पुस्तक पुरते वाचले, त्याचे मत पुढच्या वाचकापर्यंत पोचवावे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले एक आहे, वाचकाचा वेळ वाचवा. त्यासाठी फार खर्चही लागत नाही. संगणकीकरण झालेल्या वाचनालयांत तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या यादीची, जुनी कार्डे खणांत पडून असतात : साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटर, खाली सळई घालायचे भोक, मागची बाजू कोरी. ती अभिप्रायाला उत्तम. सगळ्या सभासदांसाठी टेबलावर एक अभिप्राय वही ठेवण्याची पद्धत आहे, पण ती चालत नाही, कारण पुस्तक शोधणारा वही उघडत नाही. कार्ड पुस्तकातच हवे, तारखेच्या चिठ्ठीजवळच्या खिशात.

कार्डावर काय लिहावे हे तितकेच महत्त्वाचे. ‘छान’, ‘वाचनीय’, ‘अप्रतिम’ या शब्दांनी पुढच्याला काहीच कळत नाही. पाच ओळी पुरतात. कोणत्या पानापासून पकड आली. पूर्ण वाचले की कुठे सोडले, आणि का. अनुवाद असेल तर वाक्ये मराठी वाटतात की अडखळायला होते. टाइप बारीक आहे का. साठीच्या पुढच्या वाचकाला हे आधी सांगायला हवे. मालिकेतला दुसरा भाग असेल तर पहिला वाचल्याशिवाय चालेल का. आणि ‘सोडले’ हे लिहायला अजिबात संकोच नको. ‘पहिली साठ पाने फक्त घराण्याची वंशावळ, त्यापुढे वेग येतो’ ही एक ओळ चारचौघांच्या स्तुतीपेक्षा जास्त कामाची असते. शेवट मात्र फोडू नये, आणि हे सगळे समासात पेन्सिलीने लिहू नये. ती खोडताना कागद उलतो, जुन्या पिवळ्या कागदाचा तर तुकडाच पडतो.

दुसरी गोष्ट आरक्षणाची. ते बहुतेक ठिकाणी आहे, पण वहीत नाव लिहून थांबते. पुस्तक परत येते, वही कुणी पाहत नाही, आणि ते ढिगात जाऊन दुसऱ्याच्या पिशवीत पडते. नाव लिहिताच त्या पुस्तकाच्या देवघेवीच्या कार्डाला, संगणक असेल तर नोंदीला, रंगीत खूण हवी, म्हणजे जमा करतानाच हात थांबतो. मग सभासदाला फोन किंवा संदेश, तीन दिवस टेबलामागे राखून ठेवणे, आणि नाही आला तर पुढचे नाव. आरक्षित पुस्तकाला मुदतवाढ देऊच नये. मिळण्याची खात्री असली की साठवणूक आपोआप कमी होते.

पावसाळ्यात तर जास्तीची पुस्तके घरी नकोतच. ओल लागलेले पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले की बुरशी धरते, आणि ते कपाटात परत आले की शेजारच्या पुस्तकांनाही धोका. भिजलेच तर उन्हात ठेवू नका, पुठ्ठा वाकतो. पंख्याखाली उभे करून पाने थोडी उघडी ठेवा आणि परत करताना तसे सांगा.

आता दिवाळी अंक येतील. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या या परंपरेतला अंक एकावेळी एकच न्यावा, कारण मागणी असते ती दोन-तीन महिनेच. अभिप्रायाच्या कार्डावर लेखाचे नाव आणि पान क्रमांक दोन्ही लिहा. अडीचशे पानांत पुढच्या वाचकाला नेमके तेच हवे असते. आणि वाचनालयांनी कार्डांच्या डब्याला दोऱ्याने एक पेन बांधून ठेवावे. पेन शोधावे लागले की लिहायचे राहूनच जाते.

आपले,
सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागातील कर्मचारी