लाटव्हियन भाषा आणि लेखनसुधारणा

महोदय,

बाल्टिक समुद्राकाठच्या लाटव्हिया या देशाच्या राष्ट्रीय जागृतीची चर्चा क्रिश्यानिस बारोन्स यांच्या लोकगीतसंग्रहापाशीच थांबते. १८९४ ते १९१५ दरम्यान छापलेली दोन लाखांहून अधिक गीते हे थोर काम आहेच. पण लेखनसुधारणाही तितकीच मोलाची. जर्मन पाद्र्यांनी घडवलेल्या जुन्या पद्धतीत गॉथिक टंक (जुनी टोकदार जर्मन छापील अक्षरे) असे. दीर्घ स्वरापुढे ‘एच’ लिहायचा, ऱ्हस्वापुढचे व्यंजन अनेकदा दुप्पट करायचे! त्यामुळे शब्द विनाकारण लांबत. १९०८मध्ये रीगा लाटव्हियन संघ या सांस्कृतिक संस्थेच्या समितीने, ज्यात मीलेनबाख्स व एन्ड्झेलीन्स हे भाषाभ्यासक होते, रोमन अक्षरे घेऊन दीर्घ स्वरावर आडवी रेघ दिली. स्वतंत्र लाटव्हियाने १९२२मध्ये नवे लेखन अधिकृत केले, तरी काही वृत्तपत्रे पुढेही गॉथिकमध्येच निघत राहिली.

– एक वाचक