मालाला मुभा, माणसाला व्हिसा

मा. संपादक,

आफ्रिकेतल्या स्थलांतराची बातमी आपल्याकडे भूमध्य समुद्रात एखादी बोट बुडाली की तेवढी येते. त्यातून अख्खा खंड युरोपच्या वाटेला लागल्याचा समज होतो. प्रत्यक्षात पश्चिम आफ्रिकेतले बहुतेक स्थलांतरित शेजारच्याच देशात जातात. बुर्किना फासोचा मजूर आयव्हरी कोस्टच्या कोकोच्या मळ्यात राबतो, नायजरचा नायजेरियात. ‘इकोवास’ या तिथल्या राष्ट्रसमूहाने १९७९ मध्येच एकमेकांच्या नागरिकांना ९० दिवस व्हिसाविना येऊ देण्याचा करार केला. तरीही १९८३ मध्ये नायजेरियाने सुमारे वीस लाख परदेशी लोकांना घाईघाईने बाहेर काढले. त्यात मोठा भरणा घानाच्या लोकांचा होता. घानाने १९६९ मध्ये नायजेरियनांना असेच हाकलले होते, म्हणजे उसने फिटले म्हणायचे.

पण करार मोडायला शेजाऱ्याचेच भांडण लागते असे नाही. नायजरमधल्या अगादेझ गावातून टोयोटा पिकअप गाड्या लिबियाकडे उघडपणे निघत. एकेका गाडीत पंचवीस-तीस माणसे, कडेला बसलेल्यांनी पडू नये म्हणून पायांत काठ्या रोवलेल्या, वाटेत लष्कराचा पहारा. इकोवासच्या नागरिकाला लिबियाच्या सीमेपर्यंत जाण्याचा हक्कच होता. २०१५ मध्ये युरोपच्या आग्रहाखातर नायजरने कायदा केला आणि हेच चालक गुन्हेगार ठरले. गाड्या जप्त झाल्या. प्रवासी थांबले नाहीत. ते विहिरींपासून दूरच्या आडवाटांनी वाळवंटात शिरले. लष्करी राजवटीने २०२३ च्या अखेरीस तो कायदा रद्द केला. लष्करी राजवटीचे कौतुक करण्याची मला हौस नाही, पण हा निर्णय योग्यच होता.

खंडपातळीवर तर आणखी गंमत आहे. २०१८ मध्ये आफ्रिकी संघाने दोन करार मांडले: एक मुक्त व्यापाराचा, दुसरा माणसांच्या मुक्त संचाराचा. पहिला पुढच्याच वर्षी लागू झाला. दुसऱ्याला पंधरा देशांची मंजुरी हवी; रवांडा, नायजर, माली आणि साओ टोमे या चारच देशांनी ती दिली आहे. आफ्रिकेतले सर्वांत श्रीमंत गृहस्थ आलिको डांगोटे यांचीही जाहीर तक्रार आहे की, खंडात फिरायला त्यांना पस्तीस व्हिसा लागतात. मग तिथल्या किरकोळ व्यापाऱ्याने काय करावे?

त्या चारांपैकी माली आणि नायजर बुर्किना फासोसह जानेवारी २०२५ मध्ये इकोवासमधून बाहेर पडले. इकोवासने त्यांच्या नागरिकांचा व्हिसाविना प्रवास पुढील सूचनेपर्यंत चालू ठेवला आहे. ही सूचना कधीच निघू नये यासाठी टोगो, घाना आणि आयव्हरी कोस्टने अडून बसायला हवे. माली आणि बुर्किनाचा बराच माल या तीन देशांच्या लोमे, तेमा, आबिजान या बंदरांवर उतरतो, तेव्हा त्यांचा स्वार्थही त्यातच आहे.

– एक वाचक, सांगली