तांडेलकाकांना, वाघोटन खाडीवर

तांडेलकाका, सादर नमस्कार.

खाडीच्या पाण्यावरचा माझा पीएचडीचा प्रबंध गेल्या महिन्यात जमा झाला. सुरुवातीच्या पानांवर तुमचे आभार मानलेत, पण इंग्रजीत आणि दीड ओळीत. ते काही खरं नाही. म्हणून हे पत्र. नात वाचून दाखवील.

जुलैत मी उधाणाची तारीख धरून आले होते. पाण्याला जोर असेल, आकडे ठसठशीत येतील, असा माझा हिशेब. तुम्ही म्हणालात, "उधाणाक सगळा ढवळता. भांगाक ये." भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची, कमी जोराची भरती-ओहोटी. चरफडत आठवडाभर थांबले. अष्टमीला निघालो तेव्हा तुम्ही बोटांवर तिथीची पाऊणपट केलीत: "आठ पाऊणे सहा. सहाक भरती." माझ्या संगणकाने सहा वीस सांगितले होते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, पाऊण तास धरला तरी भागतं, हे एमएस्सीपर्यंत मला कुणी असं बोटांवर शिकवलं नव्हतं.

पंचवीस तास, दोन भरत्या, दोन ओहोट्या, दर तासाला सीटीडी, म्हणजे खोलीनुसार पाण्याची क्षारता आणि तापमान मोजणारं यंत्र, पाण्यात सोडायचा. तिसऱ्याच फेरीला मी रडकुंडीला आले. वर क्षारता ४, पाच मीटरवर २९! 'सेन्सर बिघडला' असं वहीत लिहूनही टाकलं. तुम्ही काही न बोलता दोरीला शिसं बांधून खाली सोडलंत आणि शेजारी एक करवंटी पाण्यावर ठेवलीत. करवंटी विजयदुर्गाकडे, समुद्राच्या दिशेला निघाली, दोरी मात्र आत खारेपाटणकडे कलली.

"वर गोडा, खाली खारा. तुझा यंत्र बरोबर आसा."

पावसाळ्यात नदीचं हलकं गोडं पाणी वरून समुद्राकडे जातं आणि जड खारं पाणी पाचरीसारखं तळातून आत घुसतं. उधाण दोन्ही घुसळून टाकतं, भांगात थर टिकतात. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं हो. होडीत आठवलं नाही, एवढंच. प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्याच रात्रीच्या आकड्यांवर उभं आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तुमच्याही हाताशी पैसा कमी. तरी तुम्ही डिझेलपुरतेच घेतलेत. काकींची कुळथाची पिठी पहाटे साडेतीनला पार गार झाली होती. तशी चव पुन्हा लागली नाही.

शिसं बांधलेली ती दोरी चुकून माझ्या पेटीत आली. गणपतीला आणून देते. चतुर्थी, म्हणजे भरती तीनला; तेवढं आता मलाही जमतं.

तुमची,
खाडीवरची चेडू