गॅरेजमधील चार दिव्यांबद्दल आभार

आदरणीय वायरमन काका,
सप्रेम नमस्कार.

नेरूळमधील आमच्या रो-हाउसच्या गॅरेजमध्ये गाडीच्या मागे माझे सुतारकामाचे टेबल आहे. तिथपर्यंत जुन्या ट्यूबचा उजेड पोहोचत नव्हता, म्हणून चार एलईडी ट्यूब बसवण्यासाठी मी आपणास बोलावले होते. जुन्या वायरला नव्या वायरी पिळून वर टेप गुंडाळला की काम झाले, अशी माझी समजूत होती. त्याच तयारीने मी सामानही आणून ठेवले होते.

बटण बंद असतानाही जुन्या ट्यूबच्या दोन्ही टोकांना आपल्या टेस्टरचा दिवा लागला, तो क्षण मी विसरू शकत नाही. बटण फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर जोडलेले होते. त्यामुळे ट्यूब विझत असे, पण तिच्यापर्यंत २३० व्होल्टचा दाब कायम पोहोचलेला असे, हे आपण शांतपणे समजावून सांगितले. गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने तीच ट्यूब, बटण बंद आहे या भरवशावर, ओल्या फडक्याने पुसली होती. पावसाळ्यात तर गाडीवरून निथळलेल्या पाण्याने तिथली फरशी दिवसभर ओलीच असते.

त्यानंतर मेन स्विच बंद करूनही टेस्टर लागतच राहिला, कारण ती लाइन इन्व्हर्टरवर होती. आपण इन्व्हर्टरही बंद केला, टेस्टर आधी शेजाऱ्यांकडील चालू प्लगवर तपासून आणला आणि मगच वायरीला हात लावला. ही सावधगिरी मी यापूर्वी कोणाकडूनही पाहिली नव्हती.

चार ट्यूबचा एकूण भार ८० वॅट, म्हणजे अर्ध्या अँपिअरहूनही कमी. मग स्वतंत्र लाइन आणि अर्थिंग कशासाठी, असे मी विचारले होते. त्यावर, ६ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) वायरीला जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नव्हे, आणि त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) लागतो, असे आपण सांगितलेत. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पीव्हीसी पाइपातून नेऊन, सगळे जोड जंक्शन बॉक्समध्ये कनेक्टरनेच घेऊन, प्रत्येक ट्यूबच्या पत्र्याच्या पट्टीला अर्थिंगची हिरवी वायर जोडल्याशिवाय आपण काम संपवले नाही. जुन्या बटणाची जोडणी दुरुस्त केल्याचे पैसे मात्र घेतले नाहीत.

डीबीच्या, म्हणजे स्विचच्या मुख्य पेटीच्या, झाकणावर आपल्या अक्षरात ‘गॅरेज – दिवे’ असे लिहिलेले आहे. आपण सांगितल्याप्रमाणे आरसीसीबीचे टेस्ट बटण दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबायचे काम माझ्या मुलीने स्वतःहून मागून घेतले आहे.

आपला कृतज्ञ,
नेरूळचा एक रहिवासी